सहा आठवड्यांसाठी मिळालेलं स्वयंपाकघर

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच फेब्रुवारीत माझी बायको स्टुलावरून पडली. माळ्यावरचा डबा काढायला ती चढली होती आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेलो. डबा काढून द्या, असं तिने मला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं तेव्हा मलाही वाटलं नाही. घरातल्या डब्यांशी माझा कधी संबंधच आला नव्हता. उजवं मनगट मोडलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हाडांचे डॉक्टर आहेत. त्यांनी एक्स-रे काढला, हाड जागेवर बसवलं, कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे या हाताने काहीही करायचं नाही म्हणून बजावलं.

घरी येताना बायको गप्प होती. दुखत असेल म्हणून मीही काही बोललो नाही. आमचं घर डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती दम घ्यायला थांबली आणि म्हणाली, "सकाळी कणीक मळून ठेवलीय. तिचं काय करायचं?"

त्या कणकेच्या पोळ्या मी केल्या. पोळ्या आपलं म्हणायचं.

मुलगी ठाण्याला, घोडबंदर रोडला राहते. नवरा-बायको दोघंही नोकरीत, त्यात तो रस्ता. निघाली की इथे पोचेपर्यंत तिचा अर्धा दिवस जातो. तिने फोनवर दोन मार्ग सुचवले. स्वयंपाकाला बाई लावा, नाहीतर आईला माझ्याकडे सोडा. बायकोला दोन्ही नको होतं. परक्या बाईने आपल्या कपाटांत हात घालायचा हे तिला सहन झालं नसतं, आणि मुलीच्या बाविसाव्या मजल्यावर तिला गरगरतं. तेव्हा मी म्हटलं, मी करतो. मुलगी म्हणाली, "बाबा, गॅसचा नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा ते तरी आईला विचारून घ्या."

खरं सांगायचं तर मला त्यागबिग काही करायचा नव्हता. मी कंटाळलो होतो. तेहेतीस वर्षं ठाण्यात खोपटच्या बस डेपोत मेकॅनिक होतो. रोज सकाळी हातात पाना आणि समोर बिघडलेली गाडी, याची सवय झालेल्या माणसाला पेपर वाचून किती वेळ काढता येणार? हाताला काम मिळत होतं, ते मी घेतलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, आणि तिथून मला सांगायची. पहिले चार दिवस आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी विचारायचो, किती घालू? ती म्हणायची, अंदाजाने. डेपोत अंदाज चालत नाही. नट किती आवळायचा याचंसुद्धा माप असतं. मी तिला म्हटलं, तुझी चिमूट दाखव, मी चमच्याने मोजून लिहून ठेवतो. तिने डाव्या हाताने हिंगाची चिमूट उचलली, तिच्याकडे बघितलं आणि परत डबीत टाकली. ही माझी चिमूट नाही म्हणाली, माझी चिमूट प्लास्टरात आहे.

तरी मी शिकलो. आमटी खळखळ उकळायला लागली की तिचा आवाज बदलतो, हे इंजिनासारखंच आहे. भाजीला पाणी सुटणं, भाताची वाफ कोंडणं, फोडणीत मोहरी थांबेपर्यंत थांबणं. कान लावला की सगळं कळत जातं. दहाव्या-बाराव्या दिवशी पोळीने पहिल्यांदा पूर्ण टम्म फुगून दाखवलं. मी ती तव्यावरूनच बायकोला दाखवली. तिने मान डोलावली आणि म्हणाली, आता खाली घ्या, करपेल.

साधारण त्याच सुमारास उशीचं निघालं. तिला हात कशावर तरी टेकवून झोपावं लागे. घरातल्या उशा दुकानातल्या, आत कसला तरी गुळगुळीत धागा भरलेला. हात सारखा घसरायचा आणि सकाळी बोटं सुजलेली असायची. पलंगाखाली आमच्या लग्नातली एक गादी गुंडाळून ठेवलेली होती. मी ती उसवली. आतला कापूस ढेकळांसारखा झाला होता. पूर्वी पिंजारी दारावर यायचे, आता कुठे शोधणार? म्हणून गच्चीवर चादर अंथरून, कापूस दोन दिवस उन्हात ठेवून मी तो हाताने पिंजला. बोटाएवढा पुंजका घ्यायचा आणि तो ढगासारखा होईपर्यंत उलगडत राहायचा. डेपोत नवीन लागलो तेव्हा वर्षभर बसच्या सीटा भरायचं काम केलं होतं. कुठे दाबून भरायचं आणि कुठे सैल सोडायचं ते हाताला ठाऊक होतं. मधोमध पन्हळीसारखा खोलगट भाग ठेवून मी हाताची उशी शिवली. टाके दोरीसारखे जाड होते.

बायकोने तीवर हात ठेवला. थोडा इकडेतिकडे हलवला. मग डोळे मिटले. दुपारचे दोन वाजले असतील. ती झोपली ती थेट साडेचारला उठली, आणि मी तेवढा वेळ समोर बसून त्या हाताकडे बघत राहिलो. मी आयुष्यात शेकडो गाड्या दुरुस्त केल्या. गाडी गेटमधून बाहेर गेली की संपलं. त्यातून कोण कुठे गेलं, नीट पोचलं का, ते कधी दिसायचं नाही. इथे मी केलेल्या वस्तूवर एक माणूस माझ्यासमोर शांत झोपलं होतं. मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि ती उठायच्या आत मी तोंड धुऊन घेतलं.

त्यानंतर मला नादच लागला. जुन्या साड्यांच्या पट्ट्या विणून पायपुसणी केली. चहाचा मसाला कुटला. मग साबणाचं डोक्यात आलं. तळणाचं उरलेलं तेल बायको एका बरणीत साठवून ठेवायची आणि शेवटी टाकून द्यायची. तेलात कॉस्टिक सोडा घोटला की साबण होतो, आणि डेपोत इंजिनाचे भाग धुवायला कॉस्टिकची टाकी असायची, त्यामुळे कॉस्टिकशी कसं वागायचं ते मला माहीत होतं. हातमोजे, चष्मा, मी बाल्कनीत, मधलं दार लावून घेतलेलं आणि बायकोला बाहेरच्या खोलीतून हलायची बंदी. पहिला घाणा फसला, चिकट चिखल झाला. दुसऱ्या वेळी लाकडी दांड्याने तासभर घोटल्यावर ते पिठल्यासारखं दाटलं. ट्रेमध्ये ओतून दुसऱ्या दिवशी तारेने वड्या कापल्या आणि महिनाभर मांडणीवर वाळत ठेवल्या. रंग तपकिरी, वास अगदी पुसट भज्यांचा. पण शर्टाची कॉलर अशी निघायची की बघत राहावं.

हे चालू असताना मी स्वयंपाकघराची व्यवस्थाही बदलली. मला ती गैरसोयीची वाटायची. रोज लागणाऱ्या वस्तू खाली, क्वचित लागणाऱ्या वर, प्रत्येक डब्यावर नावाची पट्टी. डेपोत एक फळी असते; तिच्यावर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लगेच कळतं. तशी फळी मी ओट्याच्या भिंतीवर लावली. झारा, उलथणं, डाव, चिमटा, सगळ्यांचे आकार पांढऱ्या रंगाने काढले. बायको दारातल्या खुर्चीतून बघत होती. चांगलं आहे म्हणाली.

एप्रिलच्या सुरुवातीला प्लास्टर निघालं. हात बारीक झालेला, कातडी कोरडी, बोटांत जोर नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि हळूहळू घरातलं काम सुरू करा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून आलो तर ती ओट्यापाशी उभी होती. तिने सवयीने डाव्या हाताच्या कपाटाचा वरचा कप्पा उघडला. तिथे मोहरी नव्हती. तिथे माझी कॉस्टिकची बाटली होती, लाल अक्षरांत धोका लिहिलेली. तिने कप्पा बंद केला. मी म्हटलं, राहू दे, मी करतो, तुला अजून जड उचलायचं नाहीये. ती बाजूला झाली.

मग तसंच चालू राहिलं. मी करत होतो आणि ती बाजूला होत होती. दुपारी ती खाली वॉचमनच्या बाकड्यावर जाऊन बसायला लागली. मला वाटलं, बरं झालं, इतक्या वर्षांनी बाईला मोकळा वेळ मिळतोय. तिच्यासाठी आपण काहीतरी करतोय, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

एका रविवारी मुलगी आणि जावई आले. मी भरली वांगी केली होती आणि बाजरीच्या भाकरी. मुलीने घरभर फिरून सगळं पाहिलं. फळीचे फोटो काढले, साबणाच्या वड्यांचे काढले, पायपुसण्याचा काढला, पिठाने माखलेल्या हातांसकट माझा काढला. बाबा काय भारी आहेत, सगळं घरी बनवतात, असं लिहून तिने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. जेवताना तिचा फोन सारखा वाजत होता आणि ती एकेक कौतुक वाचून दाखवत होती. मी लाजल्यासारखं करत होतो, पण मला आवडत होतं. बायको भाकरी खात होती. जाताना मुलीने चार वड्या साबण नेला.

ते गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. बायको येऊन दारात उभी राहिली, खुर्चीवर बसली नाही.

"तेहेतीस वर्षं मी हेच केलं," ती म्हणाली. "कुणी फोटो काढला नाही."

मी नळ बंद केला.

"रागाने नाही सांगत," ती म्हणाली. "तुम्ही छान करता. पण तुम्हाला यात मजा वाटते ती उद्या नाही केलं तरी चालणार आहे म्हणून. मला कधी तसं वाटायला जागाच नव्हती."

एवढं बोलून ती आत जाऊन पडली. मला आधी रागच आला. इतकं करून हे ऐकायचं, असं वाटलं. मी भांडी जरा आदळतच घासली. तव्याच्या काळ्याने हात माखले म्हणून मी माझ्या साबणाची वडी घेतली आणि हात धुवायला लागलो. कपड्यांवर एवढा चांगला चालणारा तो साबण, पण ते तेलकट काळं काही त्याने निघेना. आणि धुता धुता मला एक वाडगा आठवला.

मी कामावरून यायचो तेव्हा हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे असायचे. मोरीच्या कट्ट्यावर एक ॲल्युमिनियमचा वाडगा असायचा आणि त्यात ओलसर, भरड असं काहीतरी. मूठभर घ्यायचं, हातांवर चोळायचं, पाणी घ्यायचं. ग्रीस निघून जायचं. मी निवृत्त होईपर्यंत तो वाडगा तिथे होता. तो रिकामा झालेला मी एकदाही पाहिला नाही. ते काय होतं, कुठून यायचं, हे मी तेहेतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटे, दुकानात मिळत असेल.

मी ओल्या हातांनीच आत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, जागी होती. मी विचारलं, मोरीतल्या त्या वाडग्यात काय असायचं?

ती तशीच पडल्या पडल्या सांगायला लागली. लाकडाचा भुसा, मागच्या गल्लीतल्या सुताराकडून आणलेला. तो चाळून घ्यायचा, नाहीतर कुसं टोचतात. धुण्याचा सोडा, पण थोडाच, कारण माझ्या बोटांना भेगा पडायच्या. साबणाचे उरलेले तुकडे किसून. आणि चमचाभर गोडंतेल. पहिल्या वर्षी नुसत्या सोड्याने माझे हात सोलवटले होते, म्हणून तिने करून करून हे प्रमाण बसवलं होतं. सुतार मेल्यावर ती भुशासाठी पार विठ्ठलवाडीला जायची, तिथे तिची मावशी राहायची आणि शेजारी फर्निचरवाला होता.

मी पलंगाच्या कडेला बसलो. म्हटलं, मला कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत. त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे तर जास्तच लागलं. मी माफी मागावी असं मनात येत होतं, पण तेहेतीस वर्षांची माफी एका वाक्यात कशी मागतात ते मला येत नव्हतं. म्हणून मी दुसरंच विचारलं. म्हटलं, इतकं सगळं केलंस, त्यातलं तुला आवडीने करावंसं कधी काय वाटलं? एक तरी असेल.

ती उताणी झाली आणि छताकडे बघत विचार करत राहिली. पोळ्या नाहीत, म्हणाली. डबे तर नाहीतच. मग म्हणाली, "कुरडया."

तिच्या माहेरी, नगरकडे, गव्हाच्या कुरडया करतात. लग्न होऊन इथे आल्यावर इमारतीतल्या चार बायका मिळून गच्चीवर करायच्या. पहाटे उठून चीक शिजवायचा, ऊन तापायच्या आत घालून मोकळं व्हायचं. त्यात काय आवडायचं, विचारलं तर ती हसली. म्हणाली, त्या दिवशी खाली कोणाचाच चहा वेळेवर व्हायचा नाही आणि कोणी काही बोलू शकायचं नाही. चारही घरचे नवरे आपापला चहा करून घ्यायचे. पुढे एकेक बाई मुलांकडे राहायला गेली, आणि एकटीने कुरडया होत नाहीत म्हणून ते बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी मी खपली गहू आणले. या वेळी मी काही ठरवलं नाही. तीन दिवस ते भिजत होते आणि रोज पाणी बदलायला ती मला हाक मारायची. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून ते पांढरंशुभ्र दूध पातेल्यात निवळायला ठेवलं. वाटणावरून आमचं थोडं वाजलं. मला मिक्सर बंद करायची घाई होती आणि तिला चोथ्यात अजून सत्त्व दिसत होतं. पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी ओतलं तर तळाशी घट्ट, गुळगुळीत थर, तोच चीक. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून गच्चीची किल्ली आणून ठेवली होती.

चीक ढवळणं म्हणजे ताकदीचं काम. तो दांड्याला धरून ठेवतो, सोडत नाही. मी घामाघूम झालो. मला वाटलं झाला. ती म्हणाली नाही. परत वाटलं झाला. ती म्हणाली, चकाकी आली का? मी म्हटलं कसली चकाकी. ती पुढे आली, वाफेत तोंड घालून पाहिलं, आणखी थोडं थांबली आणि म्हणाली, आता. जी आधी नव्हती आणि आता होती, ती चकाकी मला अजूनही दिसलेली नाही. पातेलं गच्चीवर नेल्यावर दोन वाट्यांत तिने थोडा गरम चीक काढला, वर तेलाची धार आणि मीठ. गच्चीच्या कठड्याला टेकून आम्ही तो उभ्याउभ्या खाल्ला. समोर कल्याणच्या बाजूला उजाडत होतं.

सोऱ्या फिरवायला तिच्या मनगटात जोर नव्हता. मी फिरवायचो आणि ती डाव्या हाताने माझा दंड धरून गोल फिरवायची, कारण मी एकटा घालत होतो त्या कुरडया नव्हत्या, गुंतवळ होतं. पाच-सहा ओळी झाल्यावर तिने उजवा हात पुढे केला. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणाली, एकच. तिने सोऱ्याचं खालचं टोक धरलं, मी वरची मूठ फिरवली. ती एक कुरडई गच्चीत अंथरलेल्या साडीवर पडली ती पहिल्या वळणापासून शेवटपर्यंत न तुटता. तिने ओलं बोट लावून तिचं टोक चिकटवलं.

खाली चहा झालेला नव्हता. दहा वाजून गेले तरी आम्ही वरच होतो.

त्या संध्याकाळी मी कॉस्टिकची बाटली बाल्कनीतल्या कुलपाच्या पेटीत हलवली आणि डब्यांवरच्या पट्ट्या काढायला लागलो. तिने थांबवलं. म्हणाली, पट्ट्या राहू द्या, जागा मी बदलते. तिने सगळे डबे खाली काढून परत लावले. काही तिच्या जुन्या जागी गेले, काही माझ्या. पांढऱ्या आकारांच्या फळीवर मात्र ती आता मुद्दाम डाव झाऱ्याच्या जागी लावते आणि मी काही बोलतो का ते बघते.

आता सकाळ माझी असते आणि संध्याकाळ तिची. सकाळी ती साडेसातपर्यंत झोपते. मंगळवारी आणि शनिवारी ती वाचनालयात जाते आणि तिथून थेट घरी येईलच असं नाही. मुलीला मी त्या वाडग्याबद्दल सांगितलं. तिने प्रमाण लिहून घेतलं आणि आईला फोन करून अर्धा तास बोलली. काय बोलली ते मला दोघींनीही सांगितलेलं नाही. गुरुवारी आमच्याकडे कुणीच काही करत नाही. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून जेवण आणतो आणि ताटं वाढताना ती दर वेळी म्हणते की भाजीत गूळ जास्त झालाय, आणि दर वेळी आणखी थोडी वाढून घेते.